नावावर चढलेलं बाळंतपण

हे प्रकरण मला कालच्यासारखं आठवतं, आणि गंमत म्हणजे त्यात ना खून होता, ना दरोडा, ना पळून गेलेला आरोपी. उभ्या नोकरीत मी मारेकऱ्यांसमोर बसलो, चहा पाजून त्यांच्याकडून हत्यारं काढून घेतली, बड्या बड्या लबाडांचे जबाब नोंदवले. पण माणूस बघून बोलती बंद व्हावी असा प्रसंग माझ्या वाट्याला एकदाच आला. तो एका गरोदर पोरीमुळे आला. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्या घरांमध्ये आता सगळं सुरळीत आहे आणि ते तसंच राहिलेलं बरं.

निवृत्ती जवळ आली होती. नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रगस्तवाल्यांचं काय झालं ते ऐकून झालं होतं, लॉकअप बघून मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, "साहेब, एका बाईचा फोन होता. नाव सांगितलं नाही." गंगापूर रोडकडच्या एका खासगी हॉस्पिटलचं नाव घेऊन ती बाई म्हणाली होती, "तिथं ओझरची एक पोरगी बाळंतपणाला ॲडमिट आहे. लग्नाआधी तिला एक मूल झालेलं. ते मूल कुठं गेलं, विचारा तिला." एवढं बोलून फोन कट.

निनावी फोनचा माझा अनुभव असा की तो बहुधा निम्मा खरा असतो. कोणतं निम्मं खरं, हे शोधण्यातच आमचा दिवस जातो. पण लहान बाळाचा विषय निघाला की तो फोन उद्यावर टाकता येत नाही. स्टेशन डायरीला नोंद घेतली, आमच्या महिला हवालदार बाईंना सोबत घेतलं आणि निघालो. बाई अनुभवी होत्या. गाडीत म्हणाल्या, "साहेब, बाळंतिणीच्या वॉर्डात तुमचा आवाज जरा खाली ठेवा." मी म्हटलं, "बाई, माझा आवाज खालीच असतो, लोकांचेच कान तिखट असतात."

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चटपटीत बोलणाऱ्या. मी विषय काढताच त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बातमी पोलिसांपर्यंत गेली! सर, चूक आमची आहे. मी तो प्रश्न तिच्या सासूसमोर विचारायला नको होता."

मग त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि काय झालं ते समजावलं. हल्ली माणसाच्या नावाने एक आरोग्य खातं निघतं. त्याला आधार जोडलेलं असतं, मोबाईल जोडलेला असतो. एका दवाखान्याने केलेल्या नोंदी दुसऱ्या दवाखान्याला मागवता येतात. पेशंटने संमती दिली, म्हणजे मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला, की त्या समोर येतात. हे सगळं मी कानाने ऐकत होतो, पण पटत नव्हतं. आमच्याकडे शेजारच्या ठाण्यातून एक कागद मागवायचा तर पत्र, स्मरणपत्र आणि शेवटी ओळखीचा हवालदार लागायचा. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं आणि बागलाणातल्या, म्हणजे मुलीच्या माहेराकडच्या सटाणा भागातल्या, एका छोट्या हॉस्पिटलचा जुना कागद नाशिकमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर उघडला. कोणत्या दिवशी ताप होता, कोणत्या सलाईनला हात सुजला, कोणत्या इंजेक्शनने काय झालं. एखाद्या बाईच्या अंगावरून गेलेलं दुखणं डोंगरापलीकडून येऊन टेबलावर बसावं तसं ते आलं. मी चाट पडलो. खरं सांगतो, दोन्ही हात आपोआप मांडीवर आले, देवळात बसल्यासारखे.

तो कागद सांगत होता की या मुलीचं चार-एक वर्षांपूर्वी बाळंतपण झालं. मुलगी झाली. बाळंतपणात बीपी वाढून झटके आले. आणि खाली लाल अक्षरांत एक ताकीद होती. झटके थांबवायला जे इंजेक्शन देतात, त्याने या बाईचा श्वास बंद पडत आला होता. पुन्हा देऊ नये.

मुलीचं लग्न होऊन मात्र दीडच वर्ष झालं होतं.

"मी सहज विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या खेपेलाही झटके आले होते ना? आणि सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या."

ओटीपीची कथा तर आणखी वेगळी. खातं जोडलं गेलं होतं ते मुलीच्या वडिलांच्या मोबाईलला, कारण लग्नाआधी घरात नंबर तो एकच. हॉस्पिटलच्या काउंटरवरून जावयाने सासऱ्याला गावी फोन लावला, "मामा, एक नंबर आला असेल, सांगा बरं." मामांनी तो सांगून टाकला. म्हणजे दुखणं मुलीचं, मोबाईल बापाचा, नंबर मागणारा नवरा, आणि याला म्हणायचं पेशंटची संमती! जिच्याबद्दल हे चाललं होतं ती बाकावर बसून होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तपासून कळत नाही का, पहिलटकरीण आहे की दुसरी खेप?"

"माझं मत विचाराल तर पहिलटकरीण वाटते," त्या म्हणाल्या. "पण शंभर टक्के सांगता येत नाही. आणि माझी अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. हिचं बीपी चढतंय. झटका आला तर मला तेच इंजेक्शन द्यावं लागेल, त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं नाही. कागद खरा असेल तर त्या इंजेक्शनने ही जाईल. कागद खोटा असेल आणि मी भिऊन ते दिलं नाही, तर झटक्याने जाईल. रक्तगटही जुळतोय. आता सांगा, मी काय करू?"

तिला विचारलं का, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "विचारलं. ती एवढंच सांगते, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर ती बसली होती. चेहऱ्याला सूज, पायाला सूज, डोळे मात्र लख्ख. हवालदार बाई तिच्याजवळ बसल्या, मी स्टूल ओढून थोडा लांब. बायकांशी बोलताना मी एक पथ्य पाळत आलो, आपली खुर्ची त्यांच्यापेक्षा उंच नको.

"पोरी, तुझं नाव, तुझं वय, सगळं जुळतंय," मी म्हणालो. "ते बाळंतपण तुझं?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुझं नसेल तर नाही म्हण. एवढंच म्हण, मी उठून जातो."

तिने खाली बघत सांगितलं, "कागदावर असेल तर असेल, साहेब."

"बाळ कुठं आहे?"

यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाळाबद्दल विचारून तिच्या थोबाडीतच मारली होती. हवालदार बाईंनी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, आईच्या मायेने विचारलं. ती पाणी प्यायली, पण तोंड उघडलं नाही. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा तो आतून हिशेब करत असतो, ते डोळ्यांत दिसतं. हिच्या डोळ्यांत हिशेब नव्हता. ही काहीतरी राखत होती, आणि ते तिच्या जिवापेक्षा मोठं असावं, एवढं मला तिथे कळलं.

बाहेर सासूबाई होत्या. निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. "साहेब, आमी फसलो! लय गरीब, लय साधी म्हणून करून आणली. मला तवाच शंका यायला पायजे व्हती. पयलं बाळंतपण माहेरी असतंय, सगळ्या जगात असतंय. आमी सातव्या महिन्यात ओटी भरली, म्हटलं जा आईकडं. तर ही म्हणती, मी नाय जायची, नाशिकलाच करा. अशी कुठं पोरगी असती व्हय?"

नवरा ओझरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होता. भिंतीला टेकून उभा, हातात पाण्याची बाटली, ती त्याने किती वेळ तशीच धरली होती कोण जाणे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, काय असेल ते असू दे, मी तिला टाकणार नाही. पण आईसमोर मला काहीतरी सांगता आलं पाहिजे. आणि डॉक्टर विचारतात, इंजेक्शन द्यायचं का. मी काय सही करू?" पोरगं रडकुंडीला आलं होतं.

मी ठाण्यातून बागलाणात चौकशी लावली. दुपारपर्यंत उत्तर आलं. त्या हॉस्पिटलात त्या तारखेला मुलगी जन्मल्याची नोंद होती. पण तिचं नाव कुणी घातलं नव्हतं, जन्मदाखला कुणी नेला नव्हता, एकही लस टोचल्याचं कुठे दिसत नव्हतं. आईबरोबर दवाखान्यातून बाहेर पडलेलं बाळ पुढे कागदावर कुठेच नव्हतं. आता बोला! फोनवाल्या बाईचं निम्मं खरं हेच होतं की काय? सहकारी म्हणाले, साहेब, गुन्हा दाखल करून टाका. कायद्याने ते करता आलं असतं. मी म्हटलं, उद्या बापाला भेटून येतो, मग ठरवू. खाटेवरच्या पोरीला अटक कशाच्या जोरावर करायची?

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही साध्या कपड्यांत निघालो. देवळा मागे पडलं, सटाण्याकडे गाडी लागली. रस्ताभर मला सासूबाईंचं बोलणं आठवत होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायला नको म्हणणारी पोरगी मी ऐकली नव्हती. माझी स्वतःची मुलगी पुण्याहून आली होती, जावयाचं घर तिकडे मोठं असून. ही माहेरी का जात नाही? तिकडच्या हॉस्पिटलात जायला लागू नये म्हणून. तिथे तिच्या नावावर एक बाळंतपण आधीच होतं. इथवर गुन्हेगारही असाच विचार करेल. पण मग मनात आलं, की हे बाळंतपणही कुणाच्या तरी माहेरीच झालेलं होतं. चार वर्षांपूर्वी ही तर कुमारी. त्या घरात बाळंतपणाला माहेरी येण्याजोगं दुसरं कोण होतं?

"बाई," मी हवालदार बाईंना म्हटलं, "हिला थोरली बहीण आहे का?"

"आहे ना. काल सासूबाई सांगत होत्या, सटाण्याजवळच दिली आहे. तिला एक मुलगी आहे, साडेतीन-चार वर्षांची," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

सटाण्यात चहाला थांबलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "सर, डोकं फार दुखतंय म्हणते. डोळ्यांसमोर अंधारी येतेय. हे झटक्याआधीचं असतं. मला आज उत्तर हवंय, आत्ता हवंय." चहा तसाच टाकून आम्ही निघालो.

वडील नामपूरच्या बाजारात सापडले, लिलावात कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी. पागोटं नाही, डोक्याला रुमाल, हाडापेराने मजबूत माणूस. मी ओळख सांगताच ट्रॉलीचा कठडा धरून उभे राहिले. अहिराणीत पहिलं वाक्य निघालं ते हे, "साहेब, तो नंबर मीच सांगितला. जावई मागस ना, मग नही कसं म्हणू?" माझ्या आयुष्यात एवढा विचित्र कबुलीजबाब मी ऐकला नव्हता. चोराने स्वतःच्या घराची किल्ली पोलिसाला पोस्टाने पाठवावी तसं झालं होतं. पण पुढे विचारलं तर तेही गप्प. "पोरीची तब्येत बरी नाही," एवढं म्हटल्यावर रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "घर चाला."

घरी थोरली आलेली होती. बापाने आदल्या दिवशीच बोलावून घेतली असावी. मुलगी अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होती. मी थोरलीला सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "ही कुठं झाली?"

"घरीच. सासरी. सुईण व्हती," ती म्हणाली. घडाघडा, पाठ केलेल्या कवितेसारखं. ग्रामपंचायतीचा दाखलाही तसाच होता, घरी जन्म, आईचं नाव थोरलीचं. सगळं बिनचूक.

इथे मी एक गोष्ट केली. प्रश्नात उत्तर घालायचं नाही हा चौकशीचा पहिला धडा. मी हॉस्पिटलचं नाव काढलं नाही, कागदाबद्दल बोललो नाही, लाल अक्षरातल्या ताकिदीबद्दल तर बिलकूल नाही. फक्त म्हणालो, "ताई, तुमच्या धाकटीला झटके येतील अशी डॉक्टरांना भीती आहे. आज ते तिला झटक्यांवरचं इंजेक्शन देणार आहेत."

ती ताडकन उठली. "ती सुई तिले देऊ नका, साहेब! हात जोडस! माले दिधी व्हती तवय मन्हा श्वासच बंद पडना व्हता!"

आणि तिथेच थांबली. तोंडावर हात गेला. अंगणात पोरगी खिदळत होती. बापाने मान खाली घातली. सुईणीच्या हातून घरी झालेल्या बाळंतपणात झटक्यावरची सुई कोण देतं? बहिणीचा जीव वाचवायला तिने स्वतःची चार वर्षांची बंद मूठ एका वाक्यात उघडली होती. मी पोलीस, मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्याकडे बघून तो झाला नाही.

मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि थोरलीच्या हातात दिला. "ह्यांनाच विचारा," म्हटलं. थोरलीने रडत रडत सगळं सांगितलं, सलाईन कुठल्या हाताला होतं, तो कसा सुजला, श्वास गेला तेव्हा नर्सने काय केलं. पलीकडून डॉक्टरीणबाई कागद बघून एकेक गोष्ट पडताळत असणार. मग त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "बास, कळलं मला. फोन ठेवते." नंतर कळलं की फोन ठेवला आणि थोड्याच वेळात धाकटीला पहिला झटका आला. डॉक्टरीणबाईंनी क्षणाचाही विचार न करता तेच इंजेक्शन दिलं. तिच्या अंगाला ते मानवलं. संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगा. वजन कमी, पण रडण्याचा आवाज वॉर्डभर.

आता खरं काय झालं होतं ते सांगतो. थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला झटके सुरू झाले. जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. तिथे सरकारी योजनेतून मोफत उपचार होत होते, पण रेशनकार्डावर नाव हवं. थोरलीचं नाव लग्नानंतर बापाच्या कार्डावरून कमी झालेलं आणि सासरच्या कार्डावर अजून चढलेलं नव्हतं. म्हणजे सरकारदरबारी ती बाई कुठलीच नव्हती. काउंटरवरच्या माणसाने बापाच्या कार्डावर उरलेल्या एकाच मुलीच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हीच ना? बापाने मान हलवली. "त्या येळले पोर वाचनी पाहिजे, येवढंच डोक्यात व्हतं, साहेब. नाव कोणतं का असेना." वय तोंडी लिहून घेतलं. बहिणी दिसायला सारख्या. वॉर्डात नर्स धाकटीच्या नावाने हाक मारायची आणि सोबतीला बसलेली धाकटीच "ओ" द्यायची! शेवटी तिला बाहेर बसवलं आणि थोरलीला कानात सांगितलं, आता हे नाव तुझं. घरी गेल्यावर पोरीचा खरा दाखला खऱ्या आईच्या नावाने हवा, म्हणून घरी जन्मल्याची नोंद केली. म्हणून एकाच पोरीचे दोन जन्म झाले, आणि त्यातला एक जन्म कुठे गेला ते आम्ही शोधत होतो. ते जुने कागद पुढे कॉम्प्युटरमध्ये चढले, कार्डावरच्या नावाला जोडले गेले आणि लबाडी विसरून गेलेल्या घरात परत आले.

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. धाकटीला बोलता येत होतं. मी जरा रागावलोच होतो. म्हटलं, "अगं, मरत होतीस! एक शब्द बोलली असतीस तर? बापावर केस होईल म्हणून भ्यालीस?"

"बाबांचं होतंच, साहेब," ती म्हणाली. "पण ते नाही. मी सांगितलं असतं की ती ताईची पोर आहे, तर कुणी मानलं असतं? कागदावर आई मी. लोक म्हणाले असते, पाप हिचं, बहिणीनं पदरात घेतलं. ते जन्मभर त्या पोरीच्या मागं लागलं असतं. शाळेत, लग्नात, सगळीकडे. माझ्यावर बोट आलं तर उत्तर द्यायला मी आहे. ती चार वर्षांची, साहेब. ती काय सांगणार?"

एवढी वर्षं मी गप्प बसणारी माणसं फोडण्यात हुशारी मानत आलो. ही पोरगी हरवलेल्या बाळाचा आरोप अंगावर घेऊन, चढत्या बीपीत, मरायला तयार होऊन गप्प बसली होती, का तर अंगणात कोंबड्यांच्या मागे धावणाऱ्या एका पोरीकडे कुणी वाकड्या नजरेने बघू नये म्हणून. मी टोपी काढून हातात घेतली. सवयीने नाही, मनापासून.

सासूबाई खाटेच्या पायाशी बसून सगळं ऐकत होत्या. माफी मागणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. थर्मासमधला चहा ओतला, सुनेसमोर धरला आणि ओरडल्या, "येवढं पोटात ठेवून ऱ्हायली! म्या काय वाघ हाय का? मला सांगायचं व्हतंस ना, म्या बघितलं असतं त्या बोलणाऱ्यांकडं!" फोन कुणी केला होता तेही मला कळलं. ती बाई त्याच घरी येणारी-जाणारी होती. नंतर सासूबाईंनी तिच्याकडे कसं बघितलं, ते मी न लिहिलेलं बरं.

वडिलांवर रीतसर कारवाई झाली. मी ती टाळली नाही, टाळायची नसतेच. कोर्टासमोर त्यांनी सगळं कबूल केलं आणि कोर्टाने जे सांगितलं ते मुकाट केलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बदलली. आता जुनी नोंद उघडण्याआधी त्या नातेवाइकांना बाहेर बसवतात आणि पेशंटला विचारतात, मोबाईल कुणाचाही असो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं म्हणाल, तर नोंद खोटं बोलत नाही हे खरं, पण तिला जे सांगितलं तेच ती जपते, आणि आपण विसरलो तरी ती विसरत नाही. तपास करणाऱ्याने कागद जरूर मानावा, पण मग उठून ज्याच्या नावावर तो कागद आहे त्या माणसासमोर जाऊन बसावं. एवढं मी नवीन पोरांना अजून सांगतो.

नोंद दुरुस्त करायला बरेच दिवस गेले. दोघींचे जबाब, दोघींचं आधार, जुन्या हॉस्पिटलचं पत्र. शेवटच्या दिवशी दोघी बहिणी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आल्या, धाकटीच्या मांडीवर बाळ. मीही मुद्दाम गेलो. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. धाकटीच्या नावासमोरून ते बाळंतपण गेलं. थोरलीचं खातं उघडलं, तर तिथे ते आलं, आणि त्याच्यासोबत लाल अक्षरांतली ती ताकीदही.

डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या, "आजपर्यंत हे तुमच्या नावावर नव्हतं. तुमचं खातं कोरं होतं. उद्या दुसऱ्या खेपेला तुम्ही बेशुद्ध होऊन कुठल्याही हॉस्पिटलात गेला असता, तर कुणीही पहिली तीच सुई दिली असती."

मी हे ऐकलं आणि हादरलो. चार वर्षं मृत्यूची ताकीद चुकीच्या पत्त्यावर पडून होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाळाला घट्ट धरून धाकटी पुटपुटली, "म्हणजे माझं गप्प बसणं खपलं असतं, तर ताई, तू..."

थोरलीने तिला पुढे बोलू दिलं नाही. तिच्या मांडीवरून बाळ उचललं, खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने बहिणीचे डोळे पुसले.

"मन्हं दुखणं इतला दिवस तुन्हा नाववर व्हतं ना," ती म्हणाली, "आज मी ते परत मन्हा नाववर लई लिधं."